एकटा माणूस, ५२ पात्रे

"काका, बाकीचे लोक कधी येणार?" असे पुतणीने काल रात्री विचारले, तेव्हा पडद्यावर लक्ष्मण देशपांडे एकटेच उभे होते आणि आम्ही मात्र बराच वेळ अख्खे गाव पाहत होतो.

'वऱ्हाड निघालंय लंडनला' हे त्यांचे एकपात्री नाटक मी लहानपणी परभणीत पाहिले, तेव्हा हसू आले ते विमानप्रवासाच्या गोंधळाचे. काल लक्ष गेले ते त्यांच्या मानेकडे. मान किंचित वळते, खांदे झुकतात, आवाज बदलतो आणि दुसरेच माणूस बोलू लागते. नेपथ्य नाही, सहकलाकार नाही, तरीही ५२ पात्रांपैकी कोण बोलते आहे हे विचारावे लागत नाही.

मराठवाडा विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवणाऱ्या या कलावंताने आपल्या मातीतली बोली रंगमंचावर आणली, तिच्यावर लोकांना पोट धरून हसवले, पण ती बोलणाऱ्या माणसांना कधीही लहान केले नाही. शाळेत आमची तीच बोली तोंडातून निघताच दुरुस्त केली जात असे, म्हणून मला याचे मोल फार वाटते.

तुमच्या घरातली मुले अजून ती बोलतात का?