बाबांचा उजवा डोळा आणि डाव्याचं प्रेशर

गणपती उठले आणि त्याच आठवड्यात एका सकाळी बाबा आईला म्हणाले, चष्मा नीट पुसून दे गं, धूसर दिसतंय. चष्मा पुसला तरी तेच. मग एकेक डोळा झाकून बघितलं तर उजव्यासमोर नुसतं काळपट धुकं. दुखत नाही, लाल नाही, त्यामुळे मोतीबिंदू पिकला असणार, दिवाळीनंतर बघू, असं दोघांनी परस्पर ठरवूनही टाकलं. मला कळलं दोन दिवसांनी, फोनवर, तेही पितृपक्षातल्या स्वयंपाकाचं बोलणं चालू असताना मध्येच. मी चिडलेच, कारण मोतीबिंदू काय एका रात्रीत पिकतो का? घोडबंदरहून रिक्षा करून नौपाड्यात गेले आणि त्यांना उचलून डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं.

तिथे आधी बधिर करणारा थेंब, मग पिवळा रंग, मग निळ्या लाइटचं ते बोंड हळूच डोळ्याला टेकवून प्रेशर बघितलं. उजवा 14, डावा 25. नॉर्मल साधारण 10 ते 21. मी म्हटलं, अहो बिघडलाय उजवा, डाव्याचं कसं जास्त? मला वाटलं लिहिताना उलटसुलट झालं.

उलट झालं नव्हतं. उजव्या डोळ्याच्या आतल्या पडद्याचा, रेटिनाचा फोटो स्क्रीनवर आला तो मी विसरणार नाही, कोणीतरी कुंकवात हात बुडवून झटकल्यासारखे सगळीकडे फराटे. पडद्यातून रक्त परत नेणारी मुख्य शीर तुंबली होती, सेंट्रल रेटिनल व्हेन ऑक्लूजन. आणि अशी शीर तुंबली की त्या डोळ्याचं प्रेशर पुष्कळदा काही काळ उतरतं, म्हणून मूळ कारण शोधायला डॉक्टर दुसऱ्या, चांगल्या डोळ्याकडे बघतात. डाव्यात 25 आणि डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नसही कोरली जायला लागलेली, म्हणजे काचबिंदू आधीपासूनच होता, बहुतेक दोन्हीकडे. बाबा दरवर्षी चष्म्याचा नंबर काढून येतात पण दुकानात नंबर निघतो, प्रेशर कोण बघतं!

बाबांचा प्रश्न एकच, बीपीची गोळी रोज घेतो मग प्रेशर कसं वाढलं? तर हे प्रेशर वेगळं. डोळ्यात पुढच्या बाजूला सतत पाणी तयार होतं आणि कोपऱ्यातल्या जाळीतून निघून जातं, नळ चालू आणि मोरी चोंदली की बेसिन भरतं तसं. बीपी कंट्रोलमध्ये असलं तरी हे वाढू शकतं. अर्थात शीर तुंबायला बीपीचाही हात असतोच, डायबिटीसचाही.

आता शिरेचा याच्याशी काय संबंध. डोळ्याच्या मागे, नस जिथून बाहेर पडते तिथे एक चाळणीसारखा थर असतो आणि त्या अरुंद जागेतून धमनी नि शीर एकमेकींना खेटून जातात. ठाणे स्टेशनचा जिना संध्याकाळी सात वाजता डोळ्यासमोर आणा, चढणारे उतरणारे एकाच जिन्यावर, त्यात प्रेशरने ती चाळणी मागे दबलेली. धमनीची भिंत जाड, ती तग धरते, शीर बिचारी पातळ. रक्त रेंगाळतं, गुठळी होते.

पण मला खरी भीती वाटली ती पुढचं ऐकून. हे उलट्या दिशेनेही होतं. रक्त न मिळाल्याने पडदा उपाशी राहिला तर तो व्हीईजीएफ नावाचा पदार्थ सोडतो, मग बाहुलीच्या कडेला आणि थेट त्या मोरीच्या जाळीवर नवीन कच्च्या रक्तवाहिन्या उगवतात, जाळी बंद आणि प्रेशर 40-50 वर. शीर तुंबल्यावर साधारण तीन महिन्यांत हे व्हायची शक्यता, म्हणून पुस्तकात त्याला हंड्रेड डे ग्लॉकोमा, शंभर दिवसांचा काचबिंदूच म्हणतात. त्यामुळे दर महिन्याला डॉक्टर बाहुली मोठी करणारा थेंब टाकायच्या आधी बाहुलीची कड बघतात, कारण एकदा ती पसरली की बारीक लाल धागे दिसतच नाहीत. एकदा सिस्टर थेंब टाकणारच होती, डॉक्टर आतून ओरडले, थांब!

अजून धागे आलेले नाहीत. दिसले तर लेझर. पडद्याच्या सुजेसाठी महिन्याला एक इंजेक्शन चालू आहे. स्टेरॉइडचंही मिळतं पण त्याने प्रेशर चढतं, म्हणून बाबांना नाही. प्रेशर उतरवायच्या थेंबांपैकी टिमोलॉलही दम्यामुळे नाही. डॉर्झोलामाइड मिळालंय, दोन्ही डोळ्यांत, दिवसातून तीनदा. माझंही तपासून घेतलं, 17. रक्ताचं नातं असेल तर तपासायलाच सांगतात.

हे औषध डोळ्यात झोंबतं आणि नाकातून घशात उतरून तोंड कडू करतं. म्हणून थेंब पडला की डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटं दाबून धरायचा. आई शेजारी बसून एकशेवीस आकडे मोजते. सत्तरच्या आसपास बाबा विचारतात, किती झालं? की आई आकडा विसरते आणि पुन्हा एकपासून सुरू करते.