एसटीची काच आणि रांगोळी

दुपारची एसटी स्टँडवर उभी असते. चालक चहाला उतरलेला, इंजिन तसंच चालू. अशा वेळी खिडकीला डोकं टेकवलं की दात वाजतात. काच चौकटीत खडखडते, सीटच्या दांडीला अडकवलेली पिशवी थरथरते, पुढच्या सीटवरच्या आजींच्या मांडीवरला डबाही किणकिणतो. आणि गाडी सुटून जरा वेगाला लागली की तीच काच गप्प! खरं तर उलट व्हायला हवं. पण सहा सिलिंडरचं चार स्ट्रोकचं इंजिन दर फेरीला तीन धक्के देतं. मिनिटाला 600 फेऱ्या धरल्या तर सेकंदाला 30 धक्के झाले. सैल काचेला नेमके तेवढेच मानवतात. इंजिन जोरात फिरायला लागलं की त्यांचं जमत नाही. लहानपणी पंख्यासमोर तोंड नेऊन 'आऽऽऽ' करणाऱ्या आणि आवाजाचे तुकडे होताना ऐकणाऱ्या पोरांना हे सगळं आतून माहीत असतं. पुढं ती पोरं शहाणी होतात आणि विसरतात.

एखादा मात्र विसरत नाही आणि चित्रकलेला जातो. शेवटच्या वर्षाला प्रकल्पाचा विषय विचारला की म्हणतो, 'हालचाल आणि कंप.' कोल्हापुरात यावर ठरलेला सल्ला मिळतो: मग कुस्ती काढ, नाहीतर पळता घोडा. सल्ला वाईट नाही. पण घोडा पळताना काढला तरी कागदावर तो उभाच असतो, आणि या पोराला खरंच हलणारं काहीतरी हवं असतं. चित्रकारानं यंत्राच्या मागं लागणं या गावाला काही नवं नाही. बाबूराव पेंटरांनी कॅमेराच घडवला आणि 1920 साली त्यांचा 'सैरंध्री' पडद्यावर आला. आपल्या पोराला तर फक्त पत्रा पाहिजे: तो खालून स्पीकरनं थरथरवायचा आणि वर टाकलेल्या रांगोळीची नक्षी आपोआप उमटू द्यायची.

पत्रा मिळतो उद्यमनगरात, कारखान्यांच्या वस्तीत.

'काका, एक मिलीचा अॅल्युमिनियम द्या. चोवीस सेंटिमीटर बाय चोवीस.'

'कशाला लागतोय?'

'चित्र काढायचंय.'

'मग कागद घे की लेका.'

हे ऐकून घ्यायचं आणि पत्रा कापून घ्यायचा. कात्रीनं कापला तर कडा वाकतात, म्हणून कटिंग मशीनवरच कापून घ्यायचा आणि कानशीनं कडांची धार घालवायची. बरोबर मध्यभागी चार मिलीचं भोक. मध्य दोन मिलीनं जरी चुकला तरी नक्षी एका अंगाला कलते, आणि मग तीच माझी शैली म्हणून सांगावं लागतं. जाडी आणि आकाराचा हिशेब आधीच करून ठेवावा. जाडी दुप्पट केली तर तीच नक्षी दुप्पट कंपनसंख्येला उमटते, बाजू दुप्पट केली तर चौथ्या हिश्श्याला. पोलाद घेतलं म्हणून स्वर फारसा बदलत नाही, कारण दोन्ही धातूंत ध्वनीचा वेग जवळपास सारखाच. पण पोलादाचं वजन जवळजवळ तिप्पट, आणि ते सगळं बिचाऱ्या स्पीकरला उचलावं लागतं.

स्पीकरची चिंता या गावात नको. गणपती झाले की डॉल्बीवाल्यांकडे फाटक्या कोनचे (समोरच्या कागदी पडद्याचे) स्पीकर धूळ खात पडलेले असतात. सहा किंवा आठ इंचांचा घ्यावा. कोन फाटका असला तरी चालतो, उलट बरा, कारण आपल्याला आवाज नकोच आहे, कॉइलची, म्हणजे आतल्या तारेच्या वेटोळ्याची, वरखाली तेवढी हवी. कोन कापून काढला तर शेजारीही दुवा देतात. मात्र कोनखालची पन्हळीदार जाळी शाबूत पाहिजे, तीच कॉइलला मधोमध धरून ठेवते. कॉइलच्या तोंडावर प्लॅस्टिकची छोटी चकती, चकतीत उभा बोल्ट, सगळं एपॉक्सीनं बसवायचं आणि रात्रभर सुकू द्यायचं. घाईत फेविक्विक लावलं तर ते कडक होऊन ऐन रंगात तडकतं आणि पत्रा बशीसारखा उडतो. बोल्टवर पत्रा ठेवून वर-खाली रबरी वॉशर आणि नट. बोल्ट तिरपा झाला की कॉइल चुंबकाला घासते, खरखर येते. खरखर आली की थांबायचं. आवाज वाढवून खरखर जात नाही.

फोनमध्ये शुद्ध सूर देणारं अॅप, मध्ये छोटा अॅम्प्लिफायर, आणि पत्र्यावर पाणसळ ठेवून चारी बाजू सपाट. हे शेवटचं काम पोरं टाळतात, आणि मग सगळी रांगोळी एका कोपऱ्यात का जाते म्हणून विचारत फिरतात.

आता रांगोळी. घरी रांगोळी चाळतात तेव्हा खाली पडते ती ठेवतात. इथं मलमलीतून चाळून वर राहते ती जाडसर घ्यायची. बारीक भुकटी नको. मीठही चालतं, पण कोल्हापूरच्या पावसात त्याला पाणी सुटतं. रवा छान पळतो, पण दुसऱ्या दिवशी मुंग्या प्रदर्शन भरवतात. पावसाळ्यात रांगोळीसुद्धा तव्यावर जरा गरम करून घ्यावी. पत्र्यावर चमचाभर पुरे.

साधारण 100 हर्ट्झपासून, म्हणजे सेकंदाला 100 कंपांपासून, सुरू करायचं आणि एक-एक, दोन-दोननं चढत जायचं. बराच वेळ काहीच होत नाही, रांगोळी नुसती कंटाळल्यासारखी जागच्या जागी थुईथुई करते. मग एका आकड्याला पत्रा एकदम ओरडतो, कण वाट फुटेल तिकडे पळत सुटतात, आणि दोन-तीन सेकंदांत पत्र्यावर पांढरी रेघ उभी राहते. चौकोनात गोल, गोलाला चार पाकळ्या. एक हर्ट्झ पुढं गेलं की ती विस्कटते. जसजसं 1000-1500 कडे जावं तसतशी जाळी दाट होते, पण कणांच्या उड्या लहान होत जातात. एवढ्यात नाकाला वार्निश जळल्याचा वास आला तर समजायचं की एकाच सुरावर फार वेळ धरलं, कॉइल तापली. दहा-पंधरा सेकंद वाजवावं आणि उसंत द्यावी. कानात कापूस हवाच.

हा खेळ जुना. अर्न्स्ट क्लाडनी या जर्मन शास्त्रज्ञानं 1787 च्या पुस्तकात या आकृत्या छापल्या. त्याच्याकडे स्पीकर कुठला! तो पत्र्याच्या कडेवर राळ लावलेला व्हायोलिनचा गज ओढायचा आणि कडेला दुसरीकडे बोट टेकवायचा. बोट जिथं, तिथला कंप बंद, म्हणून बोट सरकवलं की चित्र बदललं. हे आपल्याकडच्या पोरांनी एकदा करून पाहावंच. अॅपमध्ये आकडा फिरवण्यात ती मजा नाही.

आणि भुकटी का नको? रांगोळी पत्रा जिथं हलत नाही तिथं जाऊन बसते. जिथं सगळ्यात जास्त थरथर, ती जागा कोरी. पण फार बारीक पूड नेमकी उलट वागते. थरथरत्या जागेवर हवेचे बारीक भोवरे तयार होतात आणि पूड त्यांच्या नादी लागून तिथंच ढीग करते. मायकेल फॅरेडे या इंग्रज शास्त्रज्ञानं 1831 साली हे उलगडलं. म्हणजे भेसळीची रांगोळी घेतली तर एकाच पत्र्यावर दोन चित्रं, एक शांततेचं आणि एक गोंधळाचं. खरं सांगायचं तर प्रदर्शनात मला तेच बघायला आवडेल. परीक्षकांना काय आवडेल, ते सांगता येत नाही.

पत्रा जमला की हात हलगीकडे वळतो. वळावाच. खासबागेच्या कुस्ती मैदानात कुस्ती लागण्याआधी हलगीवाला शेकोटीवर कातडं शेकतो, कारण दमट हवेत कातडं ढिलं पडून आवाज बसतो. तशा शेकलेल्या हलगीवर चिमूटभर रांगोळी टाकून शेजारी स्पीकर वाजवला तर वर्तुळं उठतात. पण कातड्याचे वरचे स्वर मूळ स्वराच्या सरळ पटीत येत नाहीत, पहिला 1.59 पट, दुसरा 2.14 पट. म्हणून हलगीला ठराविक सूर नाही, नुसता दणका. तबल्याला तो सूर शाईनं मिळतो. मधोमध वजन घातल्यानं स्वर पटीत येतात. सी. व्ही. रामन यांनी 1920 साली याच्यावर लिहिलं आहे. हलगीला शाई लावा असं मात्र कुणी म्हणू नये, कुस्तीला सूर नको असतो.

आणखी एक नाव सांगतो. नाऊम गाबो, रशियन शिल्पकार. 1919-20 मध्ये मॉस्कोत त्यानं एक उभी पोलादी सळई मोटरीनं हलवली. सळई स्थिर असताना सळईच, मोटर सुरू झाली की हवेत कमनीय भरीव आकार, आरपार दिसणारा. त्यात शिल्प कुठलं म्हणायचं? सळई की तो आकार? हा प्रश्न तोंडी परीक्षेत हमखास येतो आणि उत्तर कुणालाच द्यायचं नसतं.

शेवटी प्रश्न उरतो तो भिंतीचा. शाहू स्मारकच्या दालनात चित्र टांगायचं असतं, आणि रांगोळी उभी राहत नाही. फिक्सेटिव्ह (चित्र पक्कं करणारा फवारा) सरळ मारला तर वाऱ्यानं रेघा उडतात. तो वर हवेत मारायचा आणि तुषार आपोआप खाली पडू द्यायचा, चार-पाच वेळा. नाहीतर काळा चिकट कागद हलक्या हातानं वरून टेकवून उचलायचा. ठसा उलटा येतो, पण नक्षी दोन्हीकडून सारखीच असल्यानं कुणाच्या लक्षात येत नाही. काही जण पत्रा टेबलावर आडवाच मांडतात. तेव्हा उद्घाटनाला कुणीतरी टेबलावर कोपर टेकवतं आणि संपलं.

उरलेली रांगोळी डब्यात भरावी. पत्र्यावर घासून घासून ती करडी पडते, थोडी बारीकही होते. तशी दारात घातली तर घरचे ओरडतात.