कॅम्पसाठी दिव्यांचा संच: रनटाइम, टांगण्याची उंची आणि मंद मोड

कॅम्पवर न्यायचे दिवे नव्याने जमवायला घेतले आहेत, त्याची ही पुढची नोंद. या टप्प्यात तीन कामं हाती होती: टांगायच्या लँटर्नचा खरा रनटाइम मोजणं, हेडलॅम्पच्या सगळ्यांत मंद मोडची तुलना करणं आणि लँटर्न नेमका किती उंचीवर टांगायचा ते ठरवणं. सगळ्यांत जास्त संध्याकाळी तिसऱ्या कामात गेल्या आणि त्यातूनच सगळ्यांत जास्त हाती लागलं. निष्कर्ष आधीच सांगून टाकते. दिवा निवडताना मी आता त्याचा सगळ्यांत मंद मोड आधी बघते आणि खोक्यावर ठळक छापलेला कमाल ल्युमेनचा (दिव्यातून निघणाऱ्या एकूण उजेडाचा) आकडा सगळ्यांत शेवटी.

खोक्यावरचे आकडे

समजा खोक्यावर लिहिलंय, ‘500 ल्युमेन, 40 तास’. इथे एक छोटा हिशेब करून बघावा. ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारं सर्किट) आणि डिफ्यूझर (उजेड पसरवणारं धुरकट आवरण) यांत वाया जाणारा उजेड धरला, तर एलईडी लँटर्नला एका वॅटमागे साधारण 100 ल्युमेन मिळतात असं मी मानते. म्हणजे 500 ल्युमेनला 5 वॅट लागणार, आणि 40 तासांचे झाले 200 वॅट-तास. 3500 एमएएचचा एक 18650 सेल (18 मिमी जाड, 65 मिमी लांब लिथियम-आयन सेल) जेमतेम 12.6 वॅट-तासांचा असतो. दोन्ही आकडे एकाच वेळी खरे ठरायचे तर आत असे सोळा सेल हवेत, आणि नुसत्या सेलचंच वजन पाऊण किलोच्या आसपास जाईल. तळहातावर मावणाऱ्या लँटर्नमध्ये ते शक्यच नाही.

तरीही खोक्यावर खोटं लिहिलेलं असतं असं नाही. बहुतेक नावाजलेले उत्पादक एएनएसआय एफएल-1 हे 2009 साली आलेलं मानक वापरतात. त्यात दिवा लावल्यापासून 30 सेकंदांनी जेवढा उजेड असेल, त्याच्या 10 टक्क्यांवर उतरेपर्यंतचा वेळ म्हणजे रनटाइम. म्हणजे 500 वरून 50 ल्युमेनपर्यंत घसरला, तरी तो सगळा वेळ रनटाइममध्येच धरला जातो. पहिली काही मिनिटं लख्ख उजेड आणि मग तासन् तास मिणमिणता प्रकाश, असा दिवाही या मानकात चोख बसतो.

म्हणून आलेख स्वतःच काढायचं ठरवलं. पांढऱ्या छताची एक लहान खोली पूर्ण अंधारी केली, लँटर्न जमिनीवर ठेवला, फोन एका ठरावीक जागी पालथा न घालता सेन्सर वर करून ठेवला आणि लक्स (एखाद्या जागेवर पडणारा उजेड) मोजणाऱ्या ॲपवरचा आकडा ठरावीक वेळाने टिपत गेले. फोनचा सेन्सर प्रयोगशाळेतल्या लक्समीटरइतका अचूक नसतो, पण मला हवी होती ती सुरुवातीच्या तुलनेतली टक्केवारी, आणि तेवढ्याला तो पुरतो. खोलीतली एकही वस्तू मधेच हलवायची नाही, एवढं पथ्य मात्र कडक पाळावं लागतं.

आलेखांच्या दोन ठळक जाती दिसल्या. ज्यात चांगला ड्रायव्हर आहे त्या दिव्याचा उजेड मधल्या मोडवर तासन् तास एका रेषेत राहतो आणि शेवटी पायरी उतरल्यासारखा खाली येतो. स्वस्तातल्या साध्या सर्किटचा दिवा पहिल्या मिनिटापासून घसरत जातो, आणि डोळे सरावत असल्यामुळे ते कळतही नाही. कमाल मोडवर मात्र दोन्ही जाती पहिल्या पंधरा-वीस मिनिटांतच खाली उतरतात, कारण एलईडी तापतो आणि दिवा स्वतःला सांभाळण्यासाठी स्टेप-डाउन घेतो, म्हणजे उजेड आपोआप कमी करतो. मला सरळ रेषेचा दिवा जास्त आवडतो. त्याचा शेवट अचानक होतो हे खरं, त्यामुळे सेल किती उरला हे दाखवणारा इंडिकेटर त्यात असलाच पाहिजे.

किती उजेड पुरतो

इथे अंदाज बाजूला ठेवून थोडं गणित केलेलं बरं. सगळ्या बाजूंना सारखा प्रकाश टाकणारा 100 ल्युमेनचा दिवा धरा. कुठल्याही एका दिशेला त्याची तीव्रता 8 कँडेलाच्या आसपास येते. म्हणजे 1 मीटर अंतरावर 8 लक्स, आणि अंतर दुप्पट केलं की चौथा हिस्सा, म्हणजे 2 लक्स. निरभ्र आकाशातलं पौर्णिमेचं चांदणं ढोबळमानाने पाव लक्स धरतात. 2 लक्स म्हणजे त्याच्या आठपट. सरावलेल्या डोळ्यांना भांडी, दोऱ्या, बुटांच्या नाड्या एवढ्यात छान दिसतात. बारीक अक्षर वाचायचं किंवा भाजी चिरायची तर जास्त लागतो, पण त्यासाठी हेडलॅम्प आहेच.

त्यामुळे माझे आकडे आता असे ठरलेत. चार-पाच जणांच्या बैठकीला 60 ते 100 ल्युमेन. टेंटमध्ये वाचायला 10 ते 20. रात्री उठून चेन शोधायला अर्धा ल्युमेनसुद्धा पुष्कळ. पायवाटेवर चालायला 40 ते 60, वाट खडबडीत असेल तर थोडा जास्त. 200 च्या वरचा उजेड लागतो तो टेंट लावायची जागा शोधताना किंवा कुणी हाकेला ओ देत नसेल तेव्हा. तेव्हा मात्र तो हवाच, म्हणून लांब फेकीचा एक टॉर्च गटात असू द्यावा. फेकीचा आकडा वाचतानाही लक्षात ठेवा: त्याच मानकात बीमचं अंतर पाव लक्सपर्यंत मोजतात. 10,000 कँडेलाचा टॉर्च कागदावर 200 मीटर जातो, पण त्या टोकाला उजेड चांदण्याइतकाच असतो. माणूस नीट ओळखू यायला त्याच्या निम्म्याहून कमी अंतर धरावं.

टांगायची उंची

या कामाने मला खरं शिकवलं. मोकळ्या जागेत दोन खांबांमध्ये दोरी बांधली आणि एकच लँटर्न, एकाच मोडवर, वेगवेगळ्या उंचीवर टांगून बघितला. सगळ्यांत वाईट उंची निघाली ती बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोरची. दिवा थेट डोळ्यांत येतो, बाहुली आकसते, आणि दिव्यापलीकडचं सगळं काळं ठिक्कर पडतं. आपण मग मोड वाढवतो, त्याने बाहुली आणखी आकसते. उजेड दुप्पट करूनही दिसायला काही वाढत नाही, सेल मात्र दुप्पट वेगाने संपतो.

तोच लँटर्न सव्वादोन मीटरवर नेला आणि वर एक पांढरी प्लॅस्टिकची थाळी उलटी बांधली, तर चित्र पालटलं. आकाशाकडे वाया जाणारा बराचसा प्रकाश खाली वळला, चकाकी नजरेच्या वर गेली आणि खालचं वर्तुळ मोठं आणि एकसारखं झालं. दिव्याच्या थेट खाली लक्सचा आकडा आधीपेक्षा कमीच आला, तरीही ‘दिसतंय’ ही भावना कितीतरी जास्त होती. थाळीचं वजन ताटलीभर कागदाएवढं. ती आता संचात कायमची.

दुसरी फायद्याची उंची म्हणजे घोट्याची. 5 ल्युमेनचा छोटा दिवा टेंटच्या ताणदोरीच्या खुंटीजवळ ठेवला की दोरी उजळते आणि कुणी अडखळत नाही. बैठकीलाही एका मोठ्या लँटर्नऐवजी दोन लहान, समोरासमोरच्या कोपऱ्यांत टांगलेले, मला सरस वाटले. एकाची सावली दुसरा भरून काढतो, आणि एक बंद पडला तरी पूर्ण अंधार होत नाही.

रंग, किडे आणि लाल मोड

बैठकीच्या लँटर्नसाठी 2700 ते 3000 केल्विनचा उबदार उजेड पक्का केला. 6500 केल्विनच्या पांढऱ्या एलईडीतून त्याच विजेत थोडे जास्त ल्युमेन मिळतात, पण त्यात निळा भाग मोठा असतो आणि बहुतेक उडणारे किडे निळ्या आणि अतिनील प्रकाशाकडे जास्त येतात. 2024 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हाय-स्पीड कॅमेऱ्यांनी दाखवलं की किडे दिव्याच्या दिशेने झेपावत नसतात. ते आपली पाठ उजेडाकडे करू बघतात. आकाश वर आणि उजळ, हा त्यांचा तोल सांभाळायचा आधार, तो दिव्यामुळे बिघडतो आणि ते तिथेच घिरट्या घालत अडकतात. हे वाचल्यावर थाळीकडे मी वेगळ्या नजरेने बघायला लागले. दिव्याचा उजेड वर न जाता खाली वळवणं कदाचित किड्यांच्याही भल्याचं असेल. ते नीट तपासायचं आहे.

सीआरआयकडे, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याच्या 100 पैकी आकड्याकडे, मात्र दुर्लक्ष करू नका. 70 सीआरआयच्या दिव्याखाली लाल रंग मातकट दिसतो. जखमेतून किती रक्त येतंय, अन्न नीट शिजलंय का, हे बघताना 90 च्या वरचा सीआरआय लगेच जाणवतो. थोडे ल्युमेन गमवावे लागले तरी चालतील, प्रथमोपचाराच्या पिशवीजवळचा हेडलॅम्प असाच हवा.

लाल मोडबद्दल माझं मत या तुलनेनंतर बदललं. अंधारात काम करणाऱ्या डोळ्यांतल्या दंडपेशी लांब तरंगांच्या लाल प्रकाशाला जवळजवळ दाद देत नाहीत, त्यामुळे अंधाराला सरावलेली नजर टिकते. पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात, म्हणून तारे बघणाऱ्यांना तो हवाच असतो. पण तो मंद असेल तरच. भडक लाल दिवाही सराव मोडतो. शिवाय लाल उजेडात नकाशावरच्या लाल आणि तपकिरी रेषा पुसल्यासारख्या होतात. टेंटमधल्या कामांना अर्ध्या ल्युमेनचा उबदार पांढरा मोड मला लालपेक्षा उपयोगी वाटला. आता हेडलॅम्प निवडताना अट एकच, दिवा बंद असताना बटण दाबलं की थेट मंद मोड लागला पाहिजे. कमालपासून सुरू होऊन चार वेळा दाबल्यावर मंद होणारा दिवा रात्री सगळ्या टेंटला जागं करतो.

सेल

संच शक्यतो एकाच जातीच्या सेलवर आणायचा आहे. हेडलॅम्प आणि टॉर्च दोन्ही 18650 वर गेले, लँटर्न त्याहून थोड्या मोठ्या 21700 वर, आणि सुटा सेल काढता येत नाही असा दिवा यापुढे घेणार नाही. 10,000 एमएएचची पॉवर बँक कागदावर 37 वॅट-तासांची असते, पण व्होल्टेज बदलताना आणि पुन्हा सेल भरताना गळती होते, म्हणून हाती दोन तृतीयांशच धरते. तीन रात्रींचा माझा पूर्ण खर्च दहा वॅट-तासांच्या आत बसतो, तेव्हा ती निर्धास्त पुरते.

थंडीत दोन गोष्टी सांभाळा. लिथियम-आयन सेल शून्य अंशाखाली चार्ज करायचा नाही, त्याने सेल कायमचा खराब होतो. आणि रात्री सेल झोपण्याच्या पिशवीत अंगाजवळ ठेवायचा. पिशवीत टाकण्याआधी टॉर्चची टेलकॅप (मागचं झाकण) पाव वळसा सैल केली की दिवा चुकून लागत नाही. सुटे सेल प्लॅस्टिकच्या डबीतच, किल्ल्या किंवा नाण्यांबरोबर कधीच नाही.

गॅसच्या लँटर्नचा उजेड सुरेख असतो, पण टेंटच्या आत तो कधीही लावू नका. जळताना तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो.

पुढचं काम

एए सेलवर चालणारा राखीव हेडलॅम्प अजून ठरायचा आहे. अल्कलाइन, निकेल-मेटल-हायड्राइड आणि एकदाच वापरायचे लिथियम अशा तीन प्रकारच्या सेलवर तो फ्रीजरमध्ये चालवून आलेख काढणार आहे. लिथियम थंडीत पुढे राहणार हे दिसतंच आहे, पण रिचार्ज होणारे सेल किती मागे पडतात ते बघायचंय. थाळीसह आणि थाळीशिवाय किडे मोजण्यासाठी पांढरी चादर आणि तासातासाने फोटो, अशी मांडणी तयार आहे. कुणी आधी असं केलं असेल तर लँटर्न कुठल्या उंचीवर ठेवला होता तेवढं नक्की कळवा, म्हणजे माझे आकडे त्याच्याशी ताडून बघता येतील.