बाळ रडायचे थांबतच नाही तेव्हा

पोट भरलेले, लंगोट कोरडा, ढेकरही निघालेली, आणि तरीही तान्हे बाळ मुठी आवळून, पाय पोटाशी घेऊन, लालबुंद होईपर्यंत रडत राहते, तेव्हा आईला पहिली शंका येते ती स्वतःचीच. ही शंका मला फार अन्यायकारक वाटते. साधारण दुसऱ्या आठवड्यापासून रडणे वाढते, सहाव्या आठवड्याच्या सुमारास शिगेला पोहोचते आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत बहुधा ओसरते. मुदतीआधी जन्मलेल्या बाळांमध्ये हा कळस जन्मतारखेपासून नव्हे, तर प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून सहा आठवड्यांच्या आसपास येतो. म्हणजे या रडण्याचा संबंध आईच्या सवयीपेक्षा बाळाच्या वाढीशी अधिक आहे. दिवसाला ३ तासांहून अधिक, आठवड्यातून ३ दिवसांहून अधिक, ही अशा अकारण रडण्याची, म्हणजे ‘कोलिक’ची, १९५४ पासूनची व्याख्या २०१६ च्या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय निकषांनी (रोम-४) निदानासाठी सोडून दिली, आणि ते योग्यच झाले, कारण घरच्यांची दमछाक तासांवर मोजता येत नाही.

तरीही आधी बाळाला नीट न्याहाळावे. पायमोजे काढून प्रत्येक बोट पाहावे. आईचा गळलेला केस बोटाभोवती घट्ट गुंडाळला गेला, तर बोट सुजते, लाल-जांभळे होते आणि बाळ कळवळते. तीन महिन्यांच्या आतील बाळाला ३८ अंश सेल्सिअस किंवा अधिक ताप, हिरवी उलटी, शौचात रक्त, दूध न पिणे किंवा अंग ढिले पडणे, यांपैकी काहीही दिसल्यास लगेच डॉक्टरांकडे जावे.

असे काही नसेल, तर बाळाला छातीशी धरून एकसारख्या गतीने चालावे. २०२२ मध्ये जपानी संशोधकांनी सुचवलेला क्रम मला व्यवहार्य वाटतो: पाच मिनिटे चालणे, बाळ झोपले की पाच ते आठ मिनिटे कुशीत घेऊन बसणे आणि मगच खाली ठेवणे. मंद प्रकाश आणि हलके थोपटणेही उपयोगी पडते. मात्र काल लागू पडलेला उपाय आज पडेलच असे नाही.

कशानेच रडणे थांबत नसेल आणि आपला संयम सुटू लागला असेल, तर बाळाला पाळण्यात उताणे ठेवून काही मिनिटे दुसऱ्या खोलीत जावे, कोणाला तरी मदतीला बोलवावे. बाळाला गदागदा हलवणे मात्र कधीही नको. त्याने मेंदूत रक्तस्राव होऊन जीवही जाऊ शकतो. ही गोष्ट बाळाला सांभाळणाऱ्या प्रत्येकाला, बाळ हाती देण्यापूर्वीच, स्पष्ट शब्दांत सांगावी.