अक्षता पडल्यानंतरच्या नोंदी

लग्नाच्या बायोडेटात माणूस जितका व्यवस्थित दिसतो, तितका तो उभ्या आयुष्यात पुन्हा कधी दिसत नाही. उंची, रक्तगट, रास, नाडी, गोत्र, मामांचं आडनाव, मूळ गाव, पगार (हल्ली तो ‘पॅकेज’ या नावाने वावरतो) आणि पुण्यात स्वतःचं घर आहे की नाही. शेवटी अपेक्षा. तिथे निर्व्यसनी आणि समंजस हे दोघे जोडीने हजर असतात. ‘घोरतो, पण मनाने चांगला आहे’ असं कुणी प्रामाणिकपणे लिहिल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही.

एरंडवण्यातल्या आमच्या मावशी लग्नं जुळवायचं काम हौसेने करतात. त्यांच्याकडे लाल कापडी पाठीची लांबट वही आहे. एका पानावर एक स्थळ, कोपऱ्यात स्टेपल केलेला फोटो, समासात पेन्सिलने मावशींचे खासगी शेरे: ‘आई फार बोलते’, ‘मुलगा बरा, घाई नाही’. जमलं की लाल शाईची तिरकी रेघ आणि तारीख. सहकारनगरच्या एका बाईंकडेही अशीच वही आहे. दोघींची मैत्री जुनी, हळदीकुंकवाला जाणं-येणं, पण वही काही एकमेकींच्या हातात पडत नाही. स्थळ तोंडी सांगतील, वही देणार नाहीत.

नवरा-बायकोच्या, प्रेमिकांच्या नात्याचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञही बरीच वर्षं आपापली वही अशीच छातीशी धरून बसले होते. त्यांची बाजूही समजून घ्यायला हवी. उंदीर पिंजऱ्यात तरी राहतात. जोडपी मिळवायची म्हणजे दोघांनाही राजी करायचं, दोघांकडून वेगवेगळ्या खोल्यांत लांबलचक प्रश्नावली भरून घ्यायची, पुन्हा काही महिन्यांनी गाठायचं. तोवर कुणी गाव सोडलेलं असतं, कुणी एकमेकांना. इतक्या कष्टाने जमवलेली माहिती दुसऱ्याला आयती कोण देणार? मग एका प्रयोगशाळेच्या पदरी शे-दोनशे जोडपी, आणि तेवढ्यावरून जो तो आपला सिद्धान्त मांडून मोकळा. कुणाला बालपणात मूळ सापडे, कुणाला स्वभावात, कुणाला भांडायच्या पद्धतीत.

२०१५ साली मानसशास्त्राला मोठा हिसका बसला. शेकडो संशोधकांनी मिळून, नावाजलेल्या नियतकालिकांत छापून आलेले १०० अभ्यास नव्याने करून पाहिले, तर जेमतेम ३६ टक्के अभ्यासांत ठळक निष्कर्ष पुन्हा हाती लागला. (पत्रिकेतले गुण ३६, आर्थर एरन या मानसशास्त्रज्ञाने अनोळखी माणसांना जवळ आणण्यासाठी केलेले प्रश्न ३६, आणि भांडणाला छत्तीसचा आकडा. हा आकडा माणसांच्या मागे का लागलाय कोण जाणे.) त्यानंतर ‘वह्या उघडा’ असं म्हणणाऱ्यांचा आवाज वाढला. कच्ची माहिती एकमेकांना द्यायची, अभ्यासात काय तपासणार हे आधीच जाहीर करायचं, नंतर सोयीने बदलायचं नाही. नावं-पत्ते काढून टाकायचे, जोडप्याला नुसता क्रमांक. पेठेतल्या वाड्यात कुणाचं कुणाशी काय बिनसलंय हे भिंतीपलीकडे आपोआप कळायचं, फक्त तिथे नावं काढायची पद्धत नव्हती.

या उघडलेल्या वह्यांमधून २०२० साली एक झकास काम झालं. कॅनडातल्या समँथा जोएल आणि कॅलिफोर्नियातले पॉल ईस्टविक यांनी पुढाकार घेतला आणि २९ प्रयोगशाळांनी आपले ४३ अभ्यास एका जागी आणून ठेवले. मिळून ११,१९६ जोडपी. त्यावर ‘रँडम फॉरेस्ट’ नावाची पद्धत चालवली. संगणक निर्णयांचे, म्हणजे एकामागून एक हो-नाही विचारत उत्तरापर्यंत नेणारे, ढीगभर वृक्ष उभे करतो आणि सगळ्यांचं मिळून काय मत पडतं ते सांगतो. त्याला कुणाचा लाडका सिद्धान्त खरा ठरवायचा नसतो, हे त्यातलं सुख. जोडपी बहुतांशी पाश्चात्त्य देशांतली होती, तेव्हा हे सगळं शनिवार पेठेला जसंच्या तसं लागू पडेल असं मी म्हणणार नाही.

पण निघालं ते मोठं मजेशीर. माणूस नात्यात किती सुखी आहे हे त्याच्या स्वभावापेक्षा, वयापेक्षा, मिळकतीपेक्षा नात्याबद्दल त्याला स्वतःला काय वाटतं यावरून जास्त कळतं. समोरचा आपल्याला धरून राहील असं वाटतं का, त्याची कदर वाटते का, तो खूश आहे असं वाटतं का, शरीरसुख कसं आहे, खटके किती उडतात. अशा गोष्टींवरून त्या घडीच्या सुखातल्या फरकांपैकी ४५ टक्क्यांपर्यंत उलगडा झाला. नुसत्या व्यक्तिगत गुणांवरून २१ टक्क्यांपर्यंत. आणि नात्याविषयीचे हे अनुभव एकदा हिशेबात धरले, की स्वभावाच्या माहितीने पुढे काहीच भर पडेना. जोडीदाराने भरलेल्या प्रश्नावलीनेही पडेना! इतकी मेहनत करून दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं त्याचं हे फळ. आणखी एक: आज ठीक असलेलं नातं पुढे चढेल की उतरेल, हे कुठल्याच माहितीवरून फारसं सांगता आलं नाही.

पत्रिकेवर घसरायची ही वेळ नव्हे. उलट गुणमेलनाचा एक मुद्दा मला पटतो. ते एकट्या माणसाला मार्क देत नाही, दोघांच्या जुळण्याला देतं. वर्णाला १ पासून चढत नाडीला ८ पर्यंत. फक्त ते जुळणं भेटीआधीच मोजता येतं, यावर माझा विश्वास बसत नाही. २०१७ साली याच जोएलबाईंनी, ईस्टविक आणि एली फिंकेल यांच्यासह, पहिल्याच भेटीला बसणाऱ्या तरुणांकडून आधीच शंभरावर गोष्टी भरून घेतल्या होत्या. एकंदरीत कोण भाव खाऊन जाईल आणि कोण सहज कुणावरही भाळेल, हे संगणकाने थोडंफार सांगितलं. ही नेमकी याच्यावर भाळेल का, इथे मात्र त्याने हात टेकले. कांदेपोह्यांची बशी पुढे करताना नेमकं काय होतं, ते अजून यंत्राच्या हाती लागलेलं नाही.

पुण्याला नात्यांच्या नोंदींचं वावडं नाही. डेक्कन कॉलेजच्या इरावती कर्वे यांनी देशभर हिंडून नात्यागोत्यांची व्यवस्था टिपली. कुठे मामाच्या मुलीशी लग्न चालतं, कुठे नाही, सासरच्या माणसांना कोण काय म्हणतं, सगळं. कोण कुणाचा कोण, हे आपल्याला पक्कं ठाऊक असतं. कोण कुणाबरोबर सुखात आहे, याचा रकाना मात्र मावशींच्या वहीतही नाही. लाल रेघ मारली की पान संपलं.

वेताळ टेकडीवर सकाळी एक आजी-आजोबा दिसतात. आजोबा सात-आठ पावलं पुढे, आजी मागे, बोलणं शून्य. हे फिरायला आलेत की भांडून निघालेत, असं वाटावं. चढ लागला की आजोबा थांबतात, खाली वाकून बुटाचे बंद नीट करतात, आजी जवळ येईपर्यंत करत राहतात, मग पुन्हा पुढे. एकदा मी शेजारून गेले तेव्हा पाहिलं, बुटांना बंद नव्हतेच, चिकटपट्टी होती. आजींनी ते पाहिलेलं नसेल असं मला वाटत नाही. आजोबांना कुणी विचारलं, ‘आपण आपल्या नात्यात किती समाधानी आहात, १ ते ७ मध्ये सांगा’, तर ते ‘चाललंय’ म्हणतील. मराठी नवऱ्याच्या ‘चाललंय’ला ७ पैकी किती धरायचे, हे आपल्याकडे असा अभ्यास करणाऱ्यांना आधी ठरवावं लागेल. माझ्या मते सहाच्या खाली येऊ नये.

हे सगळं वाचल्यावर राहवलं नाही. रात्री भाजी निवडताना मी नवऱ्याला विचारलं, “१ ते ७ मध्ये किती देशील?”

“कशाला?”

“संसाराला.”

त्याने मेथीची जुडी खाली ठेवली. “आजचे सांगू की एकूण?”

प्रश्न बिनतोड होता. काही अभ्यासांत याचसाठी रोजच्या रोज डायरी भरून घेतात, कारण आजचं आणि एकूण यांत पुष्कळ अंतर पडतं. मी म्हटलं, एकूण सांग. त्याने बराच विचार करून साडेपाच दिले आणि वर, ‘तू किती देशील?’ म्हणून विचारलं. मी मनात सहा दिले होते. पण जोडीदाराच्या उत्तराने काही भर पडत नाही हे ११,१९६ जोडप्यांनी सिद्ध केलेलं असल्यामुळे, मी त्याला आधी दीड मार्क कशाचे कापले ते विचारलं.