तुम्ही विचारलंत म्हणून: एवढं होऊनही डायरी लिहितेस?

लग्नात, भिशीत, एकदा तर चक्क दशक्रियेला नाशिकच्या रामकुंडावर, कुणी ना कुणी विचारतंच. आधी "अजून डायरी लिहितेस का गं?" आणि मग आवाज खाली आणून "म्हणजे, तेवढं सगळं झाल्यावर पण?" आता त्यात दादाच्या मुलीची भर पडलीय, तिला डायरी सुरू करायचीय आणि तिची दरवर्षी दहा जानेवारीला बंद पडते, तर आत्या तुझी टिकते कशी. दोघांना एकदाच उत्तर देऊन टाकते.

सुरुवात काही ग्रेट नव्हती. बाबांच्या भांड्यांच्या दुकानात जानेवारीत होलसेलवाल्यांच्या डायऱ्या यायच्या, रेक्झिनचं कव्हर, मागे एसटीडी कोड, त्यातली एक मला. बाबा रात्री शटर अर्धं ओढून दिवसाच्या जमाखर्चाची रोजकीर्द लिहायचे, मी शेजारी बसून माझी. त्यांचं म्हणणं, ज्या दिवसाचं त्या दिवशीच लिहायचं, उद्यावर टाकलं की आकडे आपल्याला हवे तसे आठवतात. आणि लिहिलेलं खोडायचं नाही, चूक झाली तर पुढे दुसरी नोंद करून दुरुस्त करायची. मी हे अगदी धर्मासारखं पाळलं, आणि त्यानेच घात केला असं मी बरेच दिवस म्हणत होते. आता तितक्या ठामपणे म्हणत नाही.

लग्नानंतर फ्लॅट लहान, सासरी कुणाच्या हाती लागू नयेत म्हणून भरलेल्या डायऱ्या माहेरी दुकानामागच्या खोलीत ट्रंकेत ठेवत गेले. हसू नका. सासरी कुणी वाचेल म्हणून माहेरी.

४ ऑगस्ट २०१९, रविवार. त्र्यंबकला धो धो पाऊस, गंगापूर धरणातून पाणी सोडलेलं, गोदावरीच्या पात्रातला दुतोंड्या मारुती दिसेनासा झाला आणि पाणी सराफ बाजार करत भांडी बाजारात. दादाने वर नेता येईल तेवढा माल वर नेला, पितळ नेलं, ट्रंक कुणाच्या लक्षात राहणार. मी इंदिरानगरात बसून मोबाईलवर पुराचे व्हिडिओ बघत होते आणि खरं सांगते, मलाही आठवली नाही. दुसऱ्या दिवशी नागपंचमी, घरात गुडघाभर गाळ, आणि वहिनीचा फोन, तुझी ट्रंक उघडलीय, डायऱ्या भिजल्यात, टाकू नको ना? मी म्हटलं टाकू नको. वाचू नको म्हणायला हवं होतं, पण फोनवर असं कसं म्हणायचं, म्हणजे मग त्यात काय आहे तेच सांगितल्यासारखं.

अकरा डायऱ्या होत्या. बाहेर पाऊस, ऊन नाही, तर वहिनीने वरच्या मजल्यावर पंख्याखाली एकेक उघडून पानापानात पेपर घातले, ओले झाले की बदलले, शेवटी इस्त्री फिरवली. तीन आठवडे. स्वतःच्या लग्नाचे फोटो तसेच राहिले, ते एकमेकांना चिकटले. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण ही गोष्ट सांगताना नातेवाईक हा भाग गाळतात.

आता, बॉलपेनची शाई तेलकट असते, पाण्यात जात नाही. शाईपेनची जाते. मी घरी टेबलावर शाईपेनने लिहायची, माहेरी गेले की गल्ल्यावरचं बॉलपेन. बाबांना २०११ मध्ये अर्धांगाचा झटका आला तेव्हा दर शनिवारी मी तिकडे असायचे, आणि शनिवारचं सगळं बॉलपेनने. एका शनिवारी लिहिलंय, वहिनी बाबांचं एवढं करतेय ते दुकानाची जागा नावावर व्हावी म्हणून, लोक आले की जास्तच करते. माझ्या अक्षरात, ठसठशीत, आठ वर्षांनी पुराच्या पाण्यातून बाहेर येऊनही एक काना हललेला नाही. पुढचं सोमवारचं पान निळं धुकं. त्यावर मी लिहिलं होतं की परवा बाबांनी अंथरुण खराब केलं, वहिनीने काही न बोलता आवरलं आणि मी दारात उभी राहिले, मला लाज वाटली. बाबा म्हणायचे तशी दुरुस्तीची नोंद. असं मी सगळ्यांना सांगते. पण त्या पानावरचं आता काहीच वाचता येत नाही, आणि कधीकधी रात्री वाटतं, खरंच लिहिलं होतं का, की लिहायला हवं होतं म्हणून आठवतंय?

वहिनी काही बोलली नाही. डायऱ्या सालवार लावून पिशवीत घालून दिल्या. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला निघताना दारात म्हणाली, "अगं, एका डायरीतलं एक पान जरा करपलंय, इस्त्री गरम राहिली, सांगायचं राहून गेलं." घरी येऊन बघितलं. तेच पान. मजकुराच्या मधोमध इस्त्रीच्या टोकाचा तपकिरी डाग, पण एकूण एक शब्द वाचता येतो.

मुद्दाम की चुकून, मी अजून विचारलेलं नाही.

त्या रात्री मी तिला फोन करून स्पष्टीकरण द्यायला गेले, दादा शेजारीच, तेव्हा त्याला कळलं, आणि मग घरात जे रामायण झालं ते तुम्हाला माहीतच आहे. फोन केला नसता तर काही झालं नसतं, हे मला मान्य आहे. पण मग दोष डायरीचा की फोनचा, ते तुम्हीच सांगा.

सल्ले भरपूर मिळाले. मोडीत लिही, सांकेतिक लिही. तो लंडनचा सॅम्युअल पीप्स, १६६० पासून साडेनऊ वर्षं लघुलिपीत लिहून गेला, दीडशे वर्षांनी लोकांनी बसून उलगडलंच. भाची सायकॉलॉजी शिकते, ती म्हणते ऐंशीच्या दशकात अमेरिकेत पेनेबेकर नावाच्या प्राध्यापकाने विद्यार्थ्यांना सलग चार दिवस रोज पंधरा मिनिटं मनातलं सगळ्यात वाईट लिहायला लावलं, लिहिल्या लिहिल्या त्यांना अजूनच वाईट वाटलं पण पुढच्या महिन्यांत डॉक्टरकडे जाणं कमी झालं. असेल. चार दिवसच होते ते, आणि ती पानं कुणाच्या वहिनीने वाळवली नव्हती.

संक्रांतीनंतर अडीच महिने मी एक अक्षर लिहिलं नाही. छान गेले असं म्हणणार होते, पण खोटं कशाला, रात्री भांडी घासताना डोक्यात तेच संवाद फिरत राहायचे, दररोज माझी बाजू थोडी जास्त बरोबर होत जायची. लॉकडाऊनमध्ये मुलाची अर्धी वही सापडली तिच्यात परत सुरू केलं. तर भाचीसाठी: तारखा छापलेली डायरी घेऊ नकोस, कोरी पानं टोचत राहतात आणि तिथेच बंद पडते. दोनशे पानी वही, तारीख आपण घालायची, चार दिवस सुटले तर सुटले. मी विरजण लावून झालं की ओट्यापाशी उभ्याने पाच-सहा ओळी लिहिते, काय खाल्लं, कोण काय म्हणालं, मेथीची जुडी केवढ्याला. माणसांबद्दलही लिहितेच. लिहिणार नाही म्हटलं होतं, जमत नाही. आता फक्त वेळ टाकते, रात्री दहा चाळीस, भूक लागलेली, डोकं दुखतंय. म्हणजे वाचणाऱ्याला निदान कळावं. वाचणाऱ्याला! बघा, म्हणजे आता कुणीतरी वाचणार हे धरूनच लिहितेय, आणि मग ती डायरी राहिली का, हा प्रश्न मला कुणीच विचारत नाही.

ते पान फाडून टाक, असं दादा दोनदा म्हणाला. वहिनी एकदाही नाही.

परवा तिचाच फोन होता, धरणातून पाणी सोडतायत, खालचा माल वर घेतोय, तुझं काही राहिलंय का ट्रंकेत? म्हटलं, नाही, काही नाही.