काळबादेवी की गिरगाव: एका फोटोचा आठवडा

सोमवार

विकत घेतलेला हा जुना फोटो मुंबईतल्या कुठल्या रस्त्याचा, ते या आठवड्यात शोधायचंय. फोटोच्या मागे शिसपेन्सिलीने लिहिलंय, 'नेटिव्ह टाऊन, बॉम्बे'. म्हणजे काहीच लिहिलेलं नाही. कोटाच्या (फोर्टच्या) बाहेरचं जे जे गजबजलेलं, ते सगळंच त्या काळच्या साहेबाला नेटिव्ह टाऊन. विकणाऱ्याने वर आपल्या अकलेने 'भेंडी बाजार' जोडलंय. जुन्या मुंबईतल्या लाकडी गॅलऱ्यांच्या निम्म्या फोटोंवर हेच नाव चिकटवलेलं असतं, म्हणून ते आधी डोक्यातून काढून टाकलं.

दिसतं ते असं. वर लाकडी गॅलऱ्यांची तीन-चार मजली घरं, मधून ट्रामचे रूळ, रुळांच्या वरून विजेची तार, दोन्ही बाजूंना दुकानं. मनोरा, घुमट, पुतळा यांतलं काही नाही. एका अर्थी हे बरंच. राजाबाई टॉवर किंवा व्ही.टी.चा घुमट दिसला की लोक तिथेच थांबतात आणि कॅमेरा नेमका कुठे होता ते शोधतच नाहीत.

आज फक्त स्कॅन. अस्सल फोटो आहे, छापील पोस्टकार्ड नव्हे. भिंगाखाली ठिपके दिसत नाहीत, त्यामुळे १२०० डीपीआयला (स्कॅनची बारकाई) कस आहे. छापील कार्ड असतं तर ६००च्या पुढे नुसते ठिपकेच मोठे झाले असते. मागची बाजूही स्कॅन केली, आणि दिवा कागदाच्या कडेने आडवा धरून एकदा पाहिली. पुसलेल्या पेन्सिलीचे दाब अशा उजेडात उठतात. इथे उठले नाहीत. पुढच्या बाजूला खालच्या कोपऱ्यात पांढरा आकडा आहे. नेगेटिव्हवर शाईने लिहिलेलं प्रिंटवर पांढरं उमटतं, तेव्हा हा स्टुडिओचा यादीतला क्रमांक. त्याच स्टुडिओचा शेजारचा क्रमांक कुठे नावासकट सापडला तर अर्धं काम होईल. छायाचित्रकार एका फेरीत एका भागातले पाच-सहा फोटो काढायचे आणि क्रमांक बहुधा ओळीने पडायचे.

मंगळवार

सावल्यांना हात लावायच्या आधी फोटो उलटा तर नाही, हे पाहिलं पाहिजे. काचेची नेगेटिव्ह चुकून पालथी लावली की उजवं-डावं बदलतं, मग दिशांचा सगळा हिशेब कितीही नेटका मांडला तरी आरशातलाच. पाटी वाचता आली की प्रश्न मिटतो. पाटी पुसट असेल तर वाहनं बघायची. आपल्याकडे डावीकडून चालतात, म्हणजे समोरून येणारी ट्राम चित्रात उजव्या अंगाला हवी. पुरुषांच्या कोटाचा डावा पदर उजव्यावर येतो, तेही चालतं. बाईच्या पदरावरून मात्र ठरवू नये. तो कुठल्या खांद्यावर हे जातीवर, प्रांतावर, आणि हातात काय काम आहे त्यावरसुद्धा ठरतं.

इथे एक इंग्रजी पाटी अर्धी वाचता येते, अक्षरं सुलटी आहेत. ट्रामही उजवीकडूनच येतेय. फोटो सुलट.

काळ. तार आहे म्हणजे मे १९०७ नंतरचा, कारण विजेची ट्राम तेव्हा सुरू झाली. १८७४पासून घोड्यांच्या ट्रामचे रूळ होते, पण त्यांना तार नव्हती. दुसरं टोक ३१ मार्च १९६४, शेवटची ट्राम. ही ट्राम एकमजली. दुमजली ट्राम १९२०मध्ये आली, म्हणून 'हा १९२०च्या आधीचा' असं म्हणायचा मोह होतो. पण एकमजली गाड्या पुढेही धावतच होत्या. एखादी गोष्ट दिसली तर पुरावा, दिसली नाही तर फार तर शंका. मोटार एकही नाही, तिलाही हाच नियम.

तारेच्या बाबतीत आणखी एक मेख आहे. रंगवलेल्या पोस्टकार्डांवर कारागीर तारा सर्रास पुसायचे, आकाश स्वच्छ दिसावं म्हणून. तेव्हा कार्डावर तार नाही म्हणून ते १९०७च्या आधीचं, असं धरू नये. रूळ सहसा पुसत नसत. आणि टपालाचा शिक्का एवढंच सांगतो की फोटो त्या दिवसानंतरचा नाही. दहा वर्षं जुना फोटो नव्या कार्डावर खुशाल छापायचे.

बुधवार

आता कॅमेरा. दोन्ही बाजूंच्या गॅलऱ्यांचे कठडे आणि खाली रुळांच्या रेघा पट्टीने लांबवल्या की एका बिंदूत मिळतात. त्या बिंदूतून आडवी रेघ मारली की ती कॅमेऱ्याच्या उंचीची. रस्ता सपाट असेल तर ही रेघ उभ्या माणसांना जिथे कापते तेवढी कॅमेऱ्याची उंची. डोळ्यांतून गेली तर छायाचित्रकार रस्त्यावर उभा. इथे ती सगळ्यांच्या डोक्यांच्या कितीतरी वरून जाते. पावलांपासून रेघेपर्यंतचं अंतर माणसाच्या उंचीच्या अडीच पट. माणूस साडेपाच फूट धरला तर पावणेचौदा फूट. म्हणजे पहिल्या मजल्याची गॅलरी. आणि डाव्या बाजूची घरं जास्त पसरून दिसतात, उजवीकडची दाटलेली, त्यामुळे ही गॅलरी उजव्या बाजूच्या घराची.

ट्रामचा रस्ता, चिकटून घरं, लाकडी गॅलऱ्या, मनोरा नाही. असे रस्ते मुंबईत बरेच. पण रुंदी, घरांची उंची आणि दुकानांची दाटी पाहता दोन नावं पुढे येतात, काळबादेवी रोड आणि गिरगाव रोड. दोन्ही धोबीतलावापासून निघतात. काळबादेवी उत्तरेच्या जरा पूर्वेला कलत पायधुनीकडे जातो, गिरगाव रोड जरा पश्चिमेला कलत चिराबाजार, ठाकूरद्वाराकडे. हा कल म्हणजे हातात आलेलं हत्यारच.

(जुन्या कागदात गिरगाव रोड शोधताना गिरगाव बॅक रोडशी गल्लत होते. पहिला आताचा जगन्नाथ शंकरशेट मार्ग, दुसरा विठ्ठलभाई पटेल मार्ग.)

गुरुवार

सावल्या. आजचा दिवस यातच गेला आणि तो सत्कारणी लागला.

सावल्या ठळक, धारदार. जून ते सप्टेंबर मुंबईत असं ऊन क्वचित, तेव्हा पावसाळा जवळजवळ बाद. कोणाच्या हातात छत्री आहे म्हणून पावसाळा मानू नये, उन्हातही छत्री घेतातच.

दिव्याच्या खांबाची सावली उजवीकडून डावीकडे पडलीय, किंचित आपल्याकडे झुकून. सावली अशी आडवी असली की तिची लांबी खांबाच्या उंचीशी थेट ताडून बघता येते. ती सरळ आपल्याकडे किंवा आपल्यापासून लांब जात असती तर चित्रात आखडली असती आणि मोजमाप फसलं असतं. इथे लांबी आणि उंची सारखीच भरते. म्हणजे सूर्य ४५ अंशांवर, आणि बघण्याच्या दिशेच्या उजवीकडे साधारण ७० अंशांवर.

एकट्या ४५ अंशांवरून वेळ ठरत नाही, इथेच बहुतेकांची चूक होते. मुंबई १९ अक्षांशावर. डिसेंबरच्या उत्तरार्धात भर मध्यान्हीसुद्धा सूर्य साडेसत्तेचाळीस अंशांपर्यंतच चढतो. त्यामुळे तेव्हा ४५ अंश म्हणजे अकरा किंवा एक, सूर्य दक्षिणेत. मार्चच्या विषुवदिनी तेच ४५ अंश सव्वानवाला, सूर्य पूर्वेपासून २० अंश दक्षिणेला. मेच्या मध्यात पावणेनऊच्या सुमारास, सूर्य पूर्वेच्याही थोडा उत्तरेला. सावली तीच, दिशा तीन. (या वेळा सूर्याच्या. घड्याळाचं पुढे.)

म्हणून दोन रस्ते आणि कॅमेऱ्याच्या तोंडाच्या दोन दिशा, अशा चारही शक्यता वेगवेगळ्या ताडल्या.

गिरगाव, उत्तरेकडे तोंड: सूर्य ईशान्येला हवा. पण ४५ अंशांवर असताना मुंबईत तो पूर्वेच्या उत्तरेला १५ अंशांपलीकडे वर्षभरात कधीच जात नाही. बाद, आणि कायमची बाद.

गिरगाव, दक्षिणेकडे तोंड: फेब्रुवारी किंवा नोव्हेंबरच्या सुरुवातीला, दुपारी दोनच्या आत. जमतं.

काळबादेवी, दक्षिणेकडे तोंड: मेच्या सुरुवातीला, दुपारी तीनच्या पुढे. जमतं.

काळबादेवी, उत्तरेकडे तोंड: एप्रिलच्या मध्यात, सकाळी नऊ. हेही जमतं. रस्त्याचा कल दहा अंशांनी इकडेतिकडे धरला तर मार्चअखेर ते मेचा पहिला आठवडा.

चारातली एक गेली, तीन उरल्या. त्यातल्या दोन दुपारच्या, एक सकाळची. आता सूर्याला सोडून दुकानांकडे बघायचं.

शुक्रवार

डाव्या ओळीत ओळीने पाच दुकानं दिसतात. दोनांना फळ्या लावलेल्या. तिसऱ्यात एक माणूस फळी काखेत धरून उभा आहे, अर्ध्या फळ्या भिंतीला टेकवलेल्या. शटरच्या आधी दुकानं अशीच बंद व्हायची, उंबऱ्याच्या खाचेत एकेक फळी सरकवून. फळ्यांवर क्रमांक असायचे, कारण प्रत्येक फळी आपल्याच जागी बसते. हा माणूस दुकान उघडतोय की लावतोय, हे एका फोटोवरून सांगता येत नाही. पण त्याच्या दुकानासमोरचा रस्ता ओला आणि गडद आहे, बाकी रस्ता कोरडा. दार उघडताना शिंपडलेलं पाणी. दुपारी दोन-तीनला कोणी हे करत नाही.

म्हणजे सकाळ, म्हणजे काळबादेवी, उत्तरेकडे.

पाट्यांनी दुजोरा दिला, तोही बेताचाच. पुसट पाटीवर लिपी ओळखायची सोपी खूण म्हणजे डोक्यावरची रेघ. देवनागरी कितीही धूसर झाली तरी वर सलग काळी पट्टी राहते. गुजरातीला ती नसते, अक्षरं सुटी सुटी डागांसारखी दिसतात. इथे चार पाट्या सुट्या डागांच्या, एक रेघेची. काळबादेवीला शोभतं. पण गुजराती पाट्या गिरगावातही होत्या, त्यामुळे एवढ्यावर नाव लिहिलं नसतं.

उजवीकडे घड्याळाच्या दुकानाबाहेर मोठी तबकडी लटकतेय. मोठी करून पाहिली तर काटे सव्वादहा दाखवतात आणि तबकडी रंगवलेली निघाली, नुसती जाहिरात. खरी असती तरी विचारावं लागलं असतं की कुठली वेळ? भारतीय प्रमाणवेळ १९०६मध्ये आली, पण मुंबईची वेळ ३९ मिनिटं मागे तशीच चालू राहिली, थेट १९५५पर्यंत. सूर्याच्या हिशेबाने आलेले नऊ हे जवळपास मुंबईच्या वेळेचे नऊ, आजच्या घड्याळात नऊ चाळीसच्या आसपास.

शनिवार

ओळख पटली असं वाटलं की ती मोडायचा प्रयत्न करायचा. आज तेवढंच.

गॅलऱ्यांची नक्षी जुळवत बसण्यात अर्थ नाही. लाकडी घरं पडली, जळली, त्यांवर मजले चढले. रस्ता रुंद झाला तेव्हा पुढची भिंतच मागे सरकली. हलत नाही ते गल्लीचं तोंड. दोन्ही बाजूंच्या गल्ल्या कुठे फुटतात आणि दोन गल्ल्यांमध्ये किती घरं, एवढाच नमुना कागदावर उतरवला. डावीकडे गल्ली, मग पाच दुकानांची ओळ, मग कोपरा कापलेली इमारत. उजवीकडे पहिली गल्ली त्या इमारतीच्या अलीकडे. रस्ता त्या पुढे हलकाच उजवीकडे वळतो.

हा नमुना लॉटनच्या जुन्या मुंबईच्या नकाशांवर ठेवून बघायचा. १८६५ ते १८७२ची ती मोजणी, इंचाला ४० फूट, त्यामुळे दहा फुटी दुकान पाव इंचाचं दिसतं आणि गल्ली लपत नाही. एक सावधगिरी. प्रिन्सेस स्ट्रीट, म्हणजे आताचा शामळदास गांधी मार्ग, त्या नकाशांनंतर प्लेगोत्तर सुधारणांत घरं पाडून काढला आणि तो काळबादेवी रोडला आडवा छेदतो. १९०७नंतरच्या फोटोत तो रुंद छेद दिसायला हवा. इथे गल्ल्या सोडल्या तर घरांची ओळ कुठेच तुटत नाही. म्हणजे तो चौक कॅमेऱ्याच्या पाठीमागे, किंवा वळणाच्या पलीकडे. नकाशावर पट्टी सरकवताना चौकाचा भाग सरळ वगळायचा, काम निम्मं होतं.

नमुना बसला की मालमत्ता पत्रकावरून सी.एस. नंबर, म्हणजे जागेचा सरकारी मोजणीतला क्रमांक, काढायचा, म्हणजे आजचं घर आणि तेव्हाचं घर एकाच जागेला बांधले जातात. पत्ते बदलतात, दुकानांचे आकडे बदलतात, सी.एस. नंबर सहसा टिकतो. उपनगरात हेच काम सी.टी.एस. नंबरने होतं.

रविवार

अजून जागेवर जायचंय, आणि तेही एप्रिलच्या मध्यात, नऊ चाळीसच्या सुमारास. दुसऱ्या कुठल्या दिवशी गेलं तर सावली जुळणार नाही आणि उगाच शंका येईल. पहिल्या मजल्यावर उभं राहू देणारं घर मिळालं तर उत्तम, नाहीतर काठीला फोन बांधून पावणेचौदा फुटांवर धरायचा.

तोवर पाकिटावर एवढंच लिहिलं:

'काळबादेवी रोड, मुंबई. उत्तरेकडे पाहताना, उजव्या बाजूच्या घराच्या पहिल्या मजल्यावरून. मे १९०७ नंतर. सकाळ, बहुधा मार्चअखेर ते मेची सुरुवात. रस्ता: सावली आणि दुकानांवरून. नेमकी जागा: गल्ल्या नकाशाशी ताडायच्या आहेत. मागचं "भेंडी बाजार" विकणाऱ्याचं, धरू नये.'